कोट आधी उलटा करा

नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की थोड्याच दिवसांत मला कुणाचा तरी फोन येतो. जागा रिकामी करायची तारीख ठरलेली असते, भाड्याच्या घरात सगळं सामान मावणार नसतं, आणि माळ्यावरून खाली आलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा नाहीतर पणजोबांचा मिलिटरीचा कोट निघालेला असतो. "तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे. कधीचा असेल हो?" ठाण्यात असे कोट बरेच आहेत. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, पाटण, जावळी या भागांतून पलटणीत गेलेले लोक पेन्शनीत निघाले आणि त्यांच्यातले कितीतरी पुढे मुलाबाळांसकट इकडे कामाला आले. येताना भांड्यांच्या पोत्याबरोबर ट्रंकही आली.

मला खरं तर कळतं ते शिवणातलं. माझी आई चाळीत ब्लाऊज शिवायची. कुणी जुना कपडा सैल करायला आणला की ती तो आधी उलटा करायची आणि मगच किती पैसे होतील ते सांगायची. कपडा बाहेरून कसा दिसावा हे शिंपी ठरवतो. नंतर त्याचं काय काय झालं ते आतून दिसतं. दाबून ठेवलेली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, दोनदा मारलेली टीप, मध्येच बदललेला दोरा. ती सवय मला लागली आणि तीच इथे कामाला आली. शिवाय दुसऱ्या महायुद्धातल्या त्या आखूड, कमरेशी पट्टा असलेल्या लोकरी कोटाचं सरकारी कागदावरचं नाव 'बॅटलड्रेस ब्लाऊज' असं होतं हे कळल्यावर तर मला फारच आपलेपणा वाटला. मिश्या राखलेल्या हवालदारांनी ब्लाऊज घालून इटलीचे डोंगर चढले, हे आईला सांगायला हवं होतं.

तर घरातली मंडळी कोट सोफ्यावर सुलटा पसरून ठेवतात आणि बिल्ल्यांवर बोट ठेवून विचारतात, हे काय, ते काय. बिल्ल्यावरून तारीख निघते, नाही असं नाही. पण बिल्ला किती जुना आहे आणि तो या कोटावर कधी लागला, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. जुना बिल्ला नव्या कोटावर सहज शिवता येतो. नव्या बिल्ल्यामुळे जुना कोट नवा होत नाही. म्हणून कोटावरची सगळ्यात उशिराची गोष्ट शोधायची. तिच्या आधी तो आजच्या रूपात असूच शकत नाही, इतकं नक्की म्हणता येतं. उलट दिशेनं काही नक्की म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे कपडा फाटेपर्यंत वापरतात आणि फाटल्यावर त्याचं दुसरं काहीतरी करतात.

सुरुवात मुकुटापासून करू, कारण घरच्यांचं लक्ष तिथेच असतं. भारतीय सैन्याच्या बिल्ल्यांवरचा ब्रिटिश मुकुट १५ ऑगस्ट १९४७ ला उतरला नाही. तो राहिला २६ जानेवारी १९५० पर्यंत. मधली जवळपास अडीच वर्षं देश स्वतंत्र होता, पण प्रजासत्ताक नव्हता. नावापुरता का होईना, राजा सहावा जॉर्जच होता. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये लढलेल्या आपल्या मेजरच्या खांद्यावर त्याच राजाचा मुकुट होता. हे सांगितलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एका गृहस्थांनी तर बराच वेळ गप्प राहून विचारलं, "म्हणजे आमचे आजोबा नक्की कुणाच्या बाजूनं?" मी म्हटलं, काश्मीरच्या पदकाची रिबन छातीवर आहे, तुमच्याच बाजूनं.

प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि खांद्यावरचा ताराही बदलला. आधीचा तारा 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश सन्मानावरून घेतलेला: अंगानं चौकोनी, मध्ये गोलात तीन चिमुकले मुकुट, भोवती लॅटिन अक्षरं. आपला तारा साधा, पाच टोकांचा. ब्रासो लावून लावून पितळ गुळगुळीत झालेलं असलं, तरी टोकं मोजता येतात. टोकं मोजली की १९५० च्या अलीकडचा की पलीकडचा हे डोळे मिटून सांगावं.

मुकुटांतही प्रकार आहेत आणि विकणारे लोक तिथेच फसवतात. विसाव्या शतकातल्या राजांच्या काळात, म्हणजे १९०१ नंतर, बिल्ल्यांवर जो मुकुट आला त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल वर जातात. त्याला ट्यूडर मुकुट म्हणतात. एलिझाबेथ राणी १९५२ साली गादीवर आली आणि तिनं सेंट एडवर्डचा मुकुट घेतला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. आता तोवर आपण प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे मध्ये दबलेल्या राणीच्या मुकुटाचा बिल्ला कुणी 'ब्रिटिश इंडियन आर्मीचा, अस्सल' म्हणून पुढे करत असेल, तर चहा पिऊन उठावं. अपवाद गुरख्यांचा. फाळणीच्या वेळी गुरखा रेजिमेंटांपैकी चार ब्रिटिश सैन्याकडे गेल्या, त्यांच्यातल्या काहींच्या बिल्ल्यांवर राणीचा मुकुट रीतसर आला. व्हिक्टोरियाच्या मुकुटाचा आकार आणखी निराळा, पण तिच्या काळातलं काही ठाण्याच्या माळ्यावर वाळवीतून वाचणं कठीणच.

नौदल आणि हवाईदल यांचं काम त्यामानानं सोपं. हवाईदलाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली मार्च १९४५ मध्ये आणि ती गेली जानेवारी १९५० मध्ये. खांद्यावर 'रॉयल इंडियन एअर फोर्स'ची आद्याक्षरं असतील तर ती पट्टी या पाच वर्षांतलीच. खलाशाच्या टोपीच्या फितीवर जहाजाच्या आधी 'एचएमआयएस' असेल तर १९५० च्या आधीची, 'आयएनएस' असेल तर नंतरची. अधिकाऱ्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या सरळ नसून नागमोडी असतील तर तो युद्धापुरता भरती झालेला स्वयंसेवक राखीव दलातला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड पुकारलं, त्यानंतर अनेक घरांनी नौदलाचे कपडे जाळले की लपवले, यावर ठाण्या-उरणच्या घरांत अजून वाद चालतात.

माझं मन रमतं ते मराठा पलटणींच्या आकड्यांत. १९०३ साली सरसेनापती किचनरनं हिंदी सैन्याची नव्यानं क्रमवारी लावली तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. तिसरीची एकशे तिसरी झाली, दहावीची एकशे दहावी. म्हणून खांद्याच्या पितळी अक्षरांत १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी आकडा दिसला, की तो १९०३ ते १९२२ या काळातला. यांतल्या एकशे तिसरी, एकशे दहावी आणि एकशे सतरावी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या होत्या. त्या डिव्हिजनला कुत-अल-अमारात वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं टेकीला येऊन तिनं शरणागती पत्करली. त्या तीन आकड्यांपैकी एखादा हातात आला की माझा तरी आवाज उतरतो.

१९२२ मध्ये या पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. मग तिच्या बटालियनींचे आकडे अपूर्णांकासारखे लिहू लागले: एक-छेद-पाच, तीन-छेद-पाच. १९४५ मध्ये हा पाचाचा आकडा काढून टाकला. म्हणजे छेदात पाच असेल तर मधली तेवीस वर्षं. इंग्रजी अक्षरांतही फरक आहे. ब्रिटिश काळात 'मराठा' लिहिताना पहिल्या 'ए'नंतर 'एच' घालत आणि 'टी' दोनदा लिहीत. आपण ते स्वातंत्र्यानंतर सरळ केलं. नंबर गेलेला, पण स्पेलिंग जुनंच, असा बिल्ला मिळाला तर तो युद्ध संपतानाचा आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांचा. अशी चिंचोळी तारीख मिळाली की मला कोण आनंद होतो.

तीन-छेद-पाचचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा पुतळा माणगावला आहे. ठाण्याहून कोकणात जाणारे लाखो लोक गणपतीच्या गर्दीत तिथे तासन् तास अडकतात, पण गाडीतून उतरून पुतळ्याच्या बाहीकडे बघणारा मला अजून भेटायचाय. पुढच्या एप्रिलात सेनिओ नदीवर एक-छेद-पाचचा शिपाई नामदेव जाधव. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, पण तो परत आला. घाडग्यांची बटालियन नंतर छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. त्यामुळे एकाच माणसाच्या ट्रंकेत मराठ्यांचा बिगूल आणि छत्रीचे पंख दोन्ही निघाले तर 'कुणाचं तरी चुकून आलं' असं समजून एक फेकून देऊ नये.

महार रेजिमेंटचा बिल्ला तर इतिहासाचं पुस्तकच आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात ही रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभाबरोबर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर तिरप्या आल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. नुसता स्तंभ, स्तंभ आणि मशीनगन, खंजीर आणि मशीनगन: तीन अवस्था. कळव्याच्या एका घरात स्तंभाचा बिल्ला देव्हाऱ्यात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवलेला आहे. मी तारीख सांगितली, तेव्हा त्या घरच्या मुलीनं विचारलं, "मग स्तंभ काढला का?" या प्रश्नाला तारखेनं उत्तर देता येत नाही. मी दिलंही नाही.

बाहीवरच्या कापडी खुणांचं मात्र उलट आहे. त्या ओळखायला सोप्या असतात, पण त्यांच्यावरून तारीख काढायला गेलं तर काही हाती लागत नाही. काळं मांजर पाठ उंचावून उभं असेल तर सतरावी डिव्हिजन, १९४२ च्या ब्रह्मदेशातल्या माघारीत होरपळलेली आणि पुढे इंफाळला लढलेली. लाल गरुड चौथीचा. काळ्यावर लाल गोळा पाचवीचा, सोनेरी बाण सातवीचा. गंमत अशी की ही चित्रं आजही चालू आहेत. भारतीय सैन्यातल्या त्या त्या क्रमांकाच्या डिव्हिजनी तीच मिरवतात. तेव्हा मांजर बघून 'बर्मा!' म्हणून ओरडायचं नाही. मांजर १९४४ चं असेल किंवा परवाचंही असेल. इथे कापड बघायचं. युद्धकाळात हिंदुस्थानात बनलेल्या खुणा जाड सुती ड्रिलवर, बऱ्याचदा बाजारातल्या दर्ज्यानं हातमशीनवर भरलेल्या असतात. एकाच पलटणीतल्या दोन मांजरांचे चेहरे सारखे नसतात. एकाचं शेपूट लांब, दुसरं जरा मेंढरासारखंच. यंत्रावर शेकड्यानं काढलेली, एकसारख्या डोळ्यांची मांजरं बघितली की मी संशय घेते.

आणि रिबनी. छातीवरच्या पदकांच्या रिबनी म्हणजे माणसाचा प्रवासच, पण रंग उडतात आणि घरातल्या गोष्टीही उडत उडत बदलतात. खारेगावातल्या एका कुटुंबात 'आजोबांच्या छातीवर तिरंगा आहे, त्यांना नेहरूंनी पदक दिलं' असं तीन पिढ्या सांगत आले होते. रिबन खरंच तिरंगी दिसत होती. पण मोजल्यावर पट्टे पाच निघाले: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. हा इटली स्टार, ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात तिथे लढलेल्यांचा. लाल विटून भगव्यावर गेला होता, एवढंच. स्वातंत्र्याच्या वेळी दिलेलं जे पदक आहे त्याच्या रिबनीवर केशरी, पांढरा, हिरवा असे तीनच सारख्या रुंदीचे पट्टे असतात. थोडं वाईट वाटलं त्यांना, पण मग आजोबा नेपल्सवरून बोटीनं आले होते, गावाला येऊन पहिल्यांदा टोमॅटोत शिजवलेल्या शेवयांचं काहीतरी सांगायचे, अशी एक आठवण निघाली. आधी ती कुणाला जुळवता येत नव्हती.

ब्रह्मदेशाच्या रिबनीत गडद निळ्यावर मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी. आफ्रिकेची वाळूच्या रंगाची. १९३९-४५ स्टारची गडद निळी, लाल, फिकी निळी, तिन्ही दलांची. घरात फक्त जुना फोटो उरला असेल तर रंगांचा अंदाज करण्याआधी थांबावं. त्या काळच्या पुष्कळशा फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल काळा येई आणि निळा पांढरट. फोटोत सगळ्यात काळी दिसणारी पट्टी प्रत्यक्षात भडक लाल असू शकते.

आता कोट उलटा करू. आतल्या खिशाजवळ ब्रिटिश कोटाला शिवलेली कापडी चिठ्ठी असते: उंची, छाती, कंबर, कारखाना, साल. हिंदुस्थानात शिवलेल्या कोटांवर बऱ्याचदा नुसता शाईचा शिक्का, त्यात बाण आणि इंग्रजी 'आय'. दोन-चार धुण्यांत तो जातो, पण तिरप्या उजेडात धरला तर कधीकधी वाचता येतो. बॅटलड्रेसची बटणं झाकलेली असतील तर आधीचा नमुना. १९४० च्या नमुन्यात कापड वाचवायला ती उघडी ठेवली. गळा शिवणीतच उघडा, टायसाठी कापलेला असेल तर १९४९ चा नमुना. पलटणीतल्या शिंप्याकडून जुना गळा उघडून घेण्याची हौसही पुष्कळांना होती. तो घरगुती बदल आतून लगेच कळतो, कारण आतल्या घडीचं कापड बाहेरच्यापेक्षा गडद राहिलेलं असतं.

मग दोरा. पॉलिएस्टरचा शोधच लागला १९४१ मध्ये, तोही ब्रिटनच्या प्रयोगशाळेत. आपल्या शिंप्याच्या रिळावर यायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली. सुटलेल्या दोऱ्याचं टोक काडीला धरलं की सुती दोरा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून काळा मणी होतो. कोट जाळायचा नाही, सुटलेलं टोक घ्यायचं, हे मी दर वेळी सांगते, कारण एकदा एक जावईबापू लायटर घेऊन थेट बाहीपाशी गेले होते. दुसरी युक्ती नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची; आता तो मेडिकलवाल्याकडेही मिळतो. कापड पांढरं झळकवणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे दिव्याखाली निळसर पेटणारा दोरा युद्धकाळातला नसावा, असा सगळीकडचा नियम. आपल्याकडे त्याला टिनोपालची, म्हणजे कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीची, पुरवणी जोडावी लागते. ज्या घरात बायकांनी एकेकाळी बादलीभर टिनोपालमध्ये सगळं बुडवलं, त्या घरात १९४२ चा सुती दोराही चमकतो. म्हणून मी आधी कोट कसकसा धुतला ते विचारते, दिवा नंतर लावते.

खोटं ओळखायला मला त्यामानानं कमी वेळ लागतो. नाटक-सिनेमाला कपडे पुरवणाऱ्या ड्रेसवाल्यांकडून फुटलेले कोट बाजारात फिरतात. त्यांच्या खांद्यावर सिंह, छातीवर बर्मा स्टार, बाहीवर कमांडोची पट्टी आणि कॉलरवर चक्क हवाईदलाचे पंख, अशी सरमिसळ असते. नायक सगळ्या दलांत एकदम होता! जुन्या साच्यातून नव्यानं ठोकलेले बिल्ले जास्त त्रास देतात. पण खऱ्या शिपायाचा बिल्ला झिजलेला असतो. रोज परेडीआधी घासून मुकुटावरचे मणी सपाट झालेले असतात, आणि मागचे कान वाकवून सरळ केलेले दिसतात. कोरा करकरीत, प्रत्येक केस मोजता येईल असा सिंह असेल तर तो फार परेडी करून आलेला नाही. म्हणून ट्रंकेतून निघालेल्या बिल्ल्याला ब्रासो लावू नका, कोट ड्रायक्लीनला टाकू नका आणि ट्रंकेवरचा रंग खरवडू नका. ट्रंकेवर नाव, नंबर आणि कधीकधी 'कल्याण' असं रंगवलेलं असतं. 'आम्ही तर कल्याणला कधीच नव्हतो' म्हणणाऱ्यांना मी उल्हासनगर आठवायला सांगते. महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा अवाढव्य ट्रान्झिट कॅम्प होता. बोटीवर चढणारे आणि उतरणारे तिथे थांबत. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन त्याचं उल्हासनगर झालं. तिथले लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच सांगतात.

जमवणारे लोक, म्हणजे पैसे मोजून कोट घेणारे, यांच्याशी माझं पटत नाही ते एका मुद्द्यावर. त्यांना कोट लढाईच्या दिवशी थांबलेला हवा असतो. नंतर कुणी बाही कापली, बटण बदललं, कोपराला ठिगळ लावलं की त्यांच्या लेखी तो 'बिघडला'. आपल्या घरातले जवळजवळ सगळे कोट या अर्थानं बिघडलेले आहेत. माणूस तिशी-पस्तिशीत पेन्शनीत निघतो, त्याला अजून तीस वर्षं नोकरी करायची असते, आणि त्याच्याकडे एकच गरम कोट असतो. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, आणि प्रत्येक गेटवर एक मिशीवाला माजी सैनिक उभा राहिला. त्या कोटांची दुसरी नोकरी कुणाच्या यादीत नाही.

घंटाळीजवळच्या एका इमारतीतला कोट असाच होता. बॅटलड्रेस, खाकी सर्जचा, म्हणजे लोकरी कापडाचा, वर काहीच नाही. बिल्ला नाही, रिबन नाही, फीत नाही. नातवानं आधीच सांगितलं, "याच्यावर काही नाहीये, तरी बघा." सोबत त्याची आत्या बसली होती, पंच्याहत्तरीची, गुडघ्यावर हात ठेवून. मी कोट खिडकीशी नेला. बाहीवर तीन उलट्या कमानींचं कापड आजूबाजूच्यापेक्षा गडद होतं. फीत काढली तरी तिच्याखालचं सर्ज उन्हात विटलं नव्हतं. तीन फिती म्हणजे हवालदार. खांद्याजवळ धनुष्यासारखी वाकडी गडद पट्टी, नावाची. छातीवर सुईच्या भोकांचा आयत, पाच इंच लांब. रिबनीची रुंदी सव्वा इंच ठरलेली, म्हणजे चार पदकं. एका भोकात दोऱ्याचे दोन तंतू अडकलेले, एक हिरवा, एक पांढरट. इटली, मी म्हटलं. आत्यानं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं आणि ती मलाच तपासत होती.

कोपराच्या ठिगळाचा दोरा वितळून मणी झाला, म्हणजे साठच्या दशकात किंवा त्यानंतर कोट कुणीतरी अंगावर घालत होतं. उजव्या खिशावर दोन मोठी भोकं, पिनेच्या बिल्ल्याची. लष्करात त्या जागी असं काही लावत नाहीत. आणि फितीच्या गडद जागेशेजारी एक बारीक, तिरका काप, खाकी दोऱ्यानं रफू केलेला.

"तो माझा," आत्या म्हणाली. वडिलांना वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी लागली, त्याच्या आदल्या रात्री त्यांनी तिला सगळं उसवायला बसवलं होतं. त्यांना जवळचं दिसत नसे. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान, चाळीतला पंचवीसचा बल्ब, ती शाळेत होती. ब्लेड निसटलं आणि सर्जमध्ये गेलं. वडील ओरडले नाहीत, त्यांनी सुई मागितली आणि स्वतःच रफू केलं. ती पलटणीत शिकलेली रफू आहे, हे मला आतल्या बाजूनं दिसत होतंच. मग उसवलेल्या फिती आणि रिबनी एका डब्यात गेल्या आणि तो डबा पुढे एका पावसात कुजला.

नातवानं कोट कुणाला तरी दाखवला होता. त्या माणसानं सांगितलं होतं की आपल्याकडे त्याच काळातल्या अस्सल फिती आहेत, इटली स्टारची रिबनही आहे. जागा स्पष्ट दिसतेय, त्याच भोकांतून परत शिवता येईल, किंमत कितीतरी वाढेल. "वस्तू सगळ्या खऱ्याच आहेत," नातू मला म्हणाला, "मग हरकत काय?" मी सांगितलं की फीत खरी, कोट खरा, पण दोघांची गाठ मात्र तुझ्या पिढीतली असेल, पुढचा माणूस फसेल. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. आत्यानं विचारलं, "कुणाच्या आहेत त्या फिती?" त्याला सांगता आलं नाही. "मग दादांच्या कोटावर कुणाचं पद लावतोस?" ती म्हणाली. "आणि दादांनी त्या पडल्या म्हणून नव्हत्या काढल्या. पलटणीच्या फिती लावून शेटजींची गाडी आली की सलाम ठोकायचा नाही, असं म्हणाले होते."

कोट विकला गेला नाही. डाव्या काखेखालचं अस्तर फाटलं होतं, तेवढं दुरुस्त करून द्यायला त्यांनी माझ्याकडे ठेवला. मी सुती दोरा घेतला, पण मुद्दाम एक छटा फिका, म्हणजे जुन्या टाक्यांत मिसळणार नाही असा. आतल्या खिशात चिठ्ठी ठेवली: अस्तर कुणी शिवलं, कुठे, कोणत्या साली, कोपराचं ठिगळ साठच्या दशकातलं किंवा नंतरचं, बाहीवरचा काप लेकीचा, रफू हवालदारांची. आत्यानं चिठ्ठी वाचून त्यात एक दुरुस्ती सुचवली. 'लेकीचा' ऐवजी तिचं नाव घालायचं.